एचआयव्ही संशोधनासाठी समुदाय सल्लागार गट: उभारणीपासून निकाल गावात पोचेपर्यंत

ग्रामीण भागात एचआयव्हीवरचा अभ्यास सुरू करायचा ठरला की समुदाय सल्लागार गट, म्हणजे बोलताना आपण ज्याला ‘कॅब’ (कम्युनिटी ॲडव्हायजरी बोर्ड) म्हणतो तो, शेवटच्या आठवड्यात आठवतो. प्रस्ताव मंजूर झालेला असतो, निधी आलेला असतो, संमतिपत्रं छापून तयार असतात. मग पंधरा जणांना चहाला बोलवायचं, ओळख करून द्यायची, सह्या घ्यायच्या आणि फोटो अहवालाला जोडायचा. अशा गटाने कितीही मोलाचं सुचवलं तरी त्याचा उपयोग होत नाही. एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीने, मंजूर केलेल्या संमतिपत्रातला शब्दसुद्धा तिच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि प्रवासखर्चाचा आकडा एकदा अंदाजपत्रकात बसला की तो हलवायला कुणी तयार नसतं.

दुसरी चूक याहून महागात पडते. गटाच्या बैठकीमुळेच एखाद्या सदस्याची स्थिती, म्हणजे त्याला एचआयव्ही आहे ही गोष्ट, गावात फुटते. त्यानंतर तो सदस्य तर येत नाहीच, त्याच्या ओळखीचे कुणीही अभ्यासाकडे फिरकत नाहीत.

या दोन्ही चुका बहुतेक वेळा पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून खाली दिलेला क्रम पाळावा. विदर्भातल्या एआरटी केंद्रांशी (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रांशी) जोडलेले अभ्यास, संघटना आणि कार्यकर्ते डोळ्यांसमोर ठेवून तो मांडला आहे.

## टप्पा १: हद्द, वेळ आणि पैसा कागदावर आणा

सदस्य शोधण्याआधी दोन पानांचं कार्यपत्र लिहा. गट कशावर सल्ला देणार, कशावर नाही, मुदत किती, सल्ल्याला उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत, हे त्यात असायला हवं.

गट म्हणजे एथिक्स कमिटी नव्हे. कमिटीला अभ्यास नाकारण्याचा, थांबवण्याचा अधिकार असतो. तिच्यात किमान ७ सदस्य लागतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. गटाकडे असा नकाराधिकार नसतो. तो लोकांच्या बाजूने प्रश्न विचारतो आणि गावात काय चालेल, काय उलटेल ते सांगतो. तसंच गट म्हणजे सहभागी गोळा करणारी टोळीही नव्हे. ‘प्रत्येक सदस्याने पाच नावं आणावीत’ असं एकदा जरी म्हटलं, तरी तो गट सल्लागार राहत नाही, भरतीचा दलाल होतो. कार्यपत्रात हे वाक्य स्पष्ट घाला: सदस्यांनी कुणालाही अभ्यासात आणायचं नाही.

वेळेचा हिशोब उलटा करा. कागद एथिक्स कमिटीकडे ज्या तारखेला जायचे असतील, तिच्या किमान चार महिने आधी सदस्यांचा शोध सुरू झालेला असावा. सदस्य शोधायला सहा आठवडे, शिकवणीला एक महिना, संमतिपत्र वाचून दुरुस्त व्हायला एक महिना आणि उरलेला वेळ हाताशी राखून, असं गणित बसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये समुदायाच्या सहभागावर स्पष्ट मजकूर आहे. संस्थेतल्या वरिष्ठांना ‘एवढ्या लवकर कशाला’ असं वाटलं, तर तो मजकूर त्यांच्यापुढे ठेवा.

पैशात चार रकाने लागतात: प्रवास, बुडालेला रोज, जेवण आणि सोबत्याचा खर्च. बुडालेल्या रोजाचा दर वर्षभर सारखा धरू नका. कापूस वेचणीला मजुरी किलोमागे मिळते, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरातला एक दिवस मार्चमधल्या दिवसापेक्षा महाग असतो. ही भरपाई आहे, मानधनाचं आमिष नाही. सहभागींना मिळणाऱ्या भरपाईचा आकडा एथिक्स कमिटीपुढे ठेवावाच लागतो. त्याच फाइलमध्ये सदस्यांचाही दर उघड असावा.

तपासा: ‘सल्ल्याला लेखी उत्तर कोण देणार’ या प्रश्नापुढे एकाच माणसाचं पदनाम लिहिलेलं आहे का? ‘संशोधन पथक’ असं मोघम लिहिलं असेल तर उत्तर कुणीच देणार नाही.

## टप्पा २: सदस्य निवडा, मिरवणारे नकोत

१२ ते १५ सदस्य पुरेत. निम्म्याहून अधिक एचआयव्हीसह जगणारे असावेत आणि त्यांत बायकांची संख्या निम्मी असावी. एक विधवा, एक नव्याने औषधं सुरू झालेला, एक दहा-बारा वर्षं गोळ्या घेणारा, एक औषध मध्येच सोडून परत आलेला, असा विचार करून जागा भरा. औषध सोडलेला माणूस बहुतेक ठिकाणी गाळला जातो. केंद्रात कुठे अडतं हे मात्र त्यालाच नेमकं माहीत असतं.

उरलेल्या जागांवर एक आशा स्वयंसेविका, जिल्ह्यातल्या पॉझिटिव्ह लोकांच्या संघाचा प्रतिनिधी, तृतीयपंथी किंवा देहविक्रय करणाऱ्या महिलांमधून एक जण, ट्रकवर किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांमधला एक, आणि कायद्याची जाण असलेलं कुणीतरी. हे झालं साधारण. पुढे भाग पाहून ठरवा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, यवतमाळच्या केळापूर-झरी भागात कोलामी, पुसद-मानोऱ्याकडे गोरमाटी बोलणारा सदस्य नसेल तर संमतिपत्राची अर्धी तपासणी कागदावरच राहील. वऱ्हाडीही गृहीत धरू नका. ‘समजलं का’ विचारलं की पुस्तकी मराठीला सगळेच ‘हो’ म्हणतात.

सरपंच, पोलीस पाटील आणि गावातले डॉक्टर यांना गटात घेऊ नका. यात त्यांचा अवमान नाही. ज्यांच्या सहीवर लोकांचे दाखले, धान्य आणि उपचार अवलंबून असतात, त्यांच्यासमोर एचआयव्हीसह जगणारी बाई तोंड उघडत नाही. त्यांना अभ्यासाची माहिती वेगळ्या भेटीत द्या. त्याच एआरटी केंद्राचे समुपदेशक किंवा डॉक्टर यांनाही सदस्य करू नका; ते निमंत्रित म्हणून येतील आणि बोलावल्यावर बोलतील.

निवडीची पद्धत अशी ठेवा: समुपदेशकाने एकांतात विचारायचं, माहितीचा कागद वाचून दाखवायचा, घरी जाऊन विचार करायला किमान आठवडा द्यायचा आणि पुढच्या गोळ्यांच्या तारखेला उत्तर घ्यायचं. ‘नाही’ म्हटल्याने उपचारात काडीचा फरक पडणार नाही, हे आधी सांगायचं आणि उत्तर घेतानाही परत सांगायचं. गोळ्या हातात देतानाच विचारू नका. त्या क्षणी नकार देणं कुणालाच सोपं नसतं.

## टप्पा ३: पहिल्या बैठकीआधी गोपनीयतेचा बंदोबस्त

इथे घाई करू नका. ‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७’ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्याने संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, आणि अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थेने ती सुरक्षित ठेवणं बंधनकारक आहे. कायदा सगळ्यांना तोंडपाठ असतो. गोष्ट फुटते ती हजेरीपट, व्हाउचर आणि मोबाइलमधून.

जागा. एआरटी केंद्राची खोली नको, ग्रामपंचायतीचं सभागृह तर नकोच. तालुक्याच्या गावी शाळा, पतसंस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा हॉल घ्या, जिथे नेहमी वेगवेगळ्या बैठका होत असतात. आठवडी बाजाराचा दिवस धरला तर तालुक्याला का चाललास, असं घरात कुणी विचारत नाही. मात्र त्याच बाजारात अख्खं गाव आलेलं असतं, म्हणून हॉल बाजाराच्या ओळीत किंवा एसटी स्टँडसमोर नको. बरेच जण ओळख टाळण्यासाठी शेजारच्या जिल्ह्यातून औषधं घेतात. अशा सदस्याला त्याच्या गावाजवळची बैठक सोयीची वाटेल, हे गृहीत धरू नका. विचारा.

फलक आणि नाव. बॅनर लावायचा नाही. गटाला साधं नाव द्या: ‘आरोग्य सल्ला गट’. हॉलच्या पावतीवर, जेवणाच्या ऑर्डरवर, गाडीवाल्याला सांगताना हेच नाव वापरा.

हजेरी आणि व्हाउचर. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लेखा विभागाला पूर्ण नाव, सही, मोबाइल क्रमांक आणि ‘कशासाठी’ हा रकाना हवा असतो, आणि कुणीतरी तिथे ‘एचआयव्ही रुग्ण बैठक प्रवासभत्ता’ असं लिहून टाकतं. ते व्हाउचर चार टेबलांवरून फिरतं. त्यावर तोडगा असा: व्हाउचरवर फक्त ‘आरोग्य सल्ला गट, बैठक क्र. ३’ एवढंच लिहायचं. सदस्याला क्रमांक द्यायचा. क्रमांक आणि नाव जुळवणारी एकच वही कुलपात, एकाच जबाबदार माणसाकडे ठेवायची. कोण पॉझिटिव्ह आणि कोण नाही ही नोंद त्या वहीतही नको. ती कुठेच लागत नाही. लेखा विभागाशी हे बैठकीआधी लेखी ठरवून घ्या, नाहीतर पहिलं बिल अडकेल आणि सदस्य भाड्याचे पैसे स्वतःच्या खिशातून घालून बसतील. बँक खात्यात पैसे टाकणार असाल तर वर्णनाच्या रकान्यात काय उमटतं ते एकदा पाहून घ्या. पासबुक घरातले सगळे बघतात.

मोबाइल. व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. त्यात सगळ्यांचे क्रमांक सगळ्यांना दिसतात, आणि बऱ्याच घरांत फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. प्रत्येकाला विचारा: कोणत्या वेळी फोन करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, मेसेज पाठवायचा की नाही. उत्तर लिहून ठेवा आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला ते वाचायला लावा. ‘बचत गटाच्या ताई बोलतात’ असं सांगायचं ठरलं, तर नंतर समन्वयक बदलल्यावर नव्या माणसालाही ते ठाऊक असावं.

फोटो. काढायचेच नाहीत. पाठमोरे नाहीत, चेहरा झाकलेलेही नाहीत. साडी, चप्पल आणि हातावरचं गोंदण गावात ओळखू येतं. निधी देणाऱ्याला पुरावा हवा असेल तर इतिवृत्त आणि हॉलची पावती पुरते.

गाडी. एकाच गावातून दोघांना एका काळीपिवळीत बसवण्याआधी दोघांचीही परवानगी घ्या. दोघांनाही एकमेकांबद्दल ठाऊक नसणं शक्य आहे. त्याच कारणाने पहिल्या बैठकीत कुणी स्वतःची स्थिती सांगायची नाही, ती विचारायचीही नाही. गोपनीयतेच्या शपथपत्रावर सगळ्यांची सही घ्या, अगदी चहा देणारा आत येणार असेल तर त्याचीही. त्यापेक्षा चहा बाहेर ठेवा.

सावधान: स्थिती फुटली तर कुणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. भेदभावाची तक्रार याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे करता येते. त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि वैद्यकीय तातडी असेल तर शक्यतो २४ तासांत. अर्ज कसा करायचा याचा मराठी नमुना गटाच्या फाइलमध्ये ठेवा. राष्ट्रीय मदतवाहिनी १०९७ चा क्रमांक सगळ्यांना पाठ असावा.

## टप्पा ४: शिकवणी, पण व्याख्यान नको

तीन सत्रं घ्या, प्रत्येकी तीन तासांची. पडद्यावर पाठ वाचून दाखवू नका.

पहिल्या सत्रात स्वतःच्या उपचाराचा कागद वाचायला शिकवा. संशोधनाची पायाभरणी तिथूनच होते. गोळीत कोणती औषधं आहेत (सध्या बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी मिळते), व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) म्हणजे काय, तो औषध सुरू झाल्यावर ६ आणि १२ महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा तपासायचा असतो, आपला शेवटचा कधी झाला आणि आकडा काय आला. स्वतःचा आकडा माहीत नसलेल्या सदस्याकडून ‘अभ्यासात व्हायरल लोड किती वेळा तपासणार’ हा प्रश्न येणार नाही. ज्याची तपासणी राहिली आहे त्याने पुढच्या भेटीत ती मागायची, आणि पुढच्या सत्रात काय झालं ते सांगायचं. पण स्वेच्छेने, आकडा न सांगता.

दुसऱ्या सत्रात संशोधनाची भाषा. चिठ्ठ्यांचा प्रयोग करा. बारा चिठ्ठ्या, सहांवर लाल टिंब, सहांवर निळं. डब्यात टाका, प्रत्येकाने न बघता एक उचलायची. मग विचारा: डॉक्टरांची ओळख असलेल्याला लाल मिळाली असती का? ही गोष्ट हाताने केली की कायमची बसते. प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, दिसायला हुबेहूब गोळी. इथे लगेच पुढचा प्रश्न सदस्यांनीच विचारायला हवा: ‘मग पॉझिटिव्ह माणसाचं चालू औषध बंद करणार का?’ उपचाराच्या अभ्यासात नवं औषध साधारणपणे चालू उपचाराशी ताडून पाहतात. कुणालाही उपचाराविना ठेवणं मान्य नाही. हे उत्तर पथकाने लेखी द्यावं.

तिसऱ्या सत्रात हक्क. एचआयव्ही कायद्यानुसार चाचणी, उपचार आणि संशोधन या तिन्हींसाठी समजून दिलेली संमती लागते. नव्या औषधांच्या चाचण्यांना ‘नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९’ लागू होतात. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई त्यात बांधलेली आहे. नुसत्या मुलाखतींच्या किंवा वर्तनाच्या अभ्यासाला हे नियम लागत नाहीत, तिथे २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाहायची. हा फरक सांगितला नाही तर लोक चुकीच्या कागदावर बोट ठेवून भांडतात.

याच सत्रात मोबाइलवर सीटीआरआय, म्हणजे भारताची क्लिनिकल चाचणी नोंदवही, उघडून आपला अभ्यास शोधायला लावा. १ एप्रिल २०१८ पासून चाचणीची नोंद पहिला सहभागी घेण्याआधी व्हावी लागते. अभ्यास सुरू होताना तिथे नोंद सापडली नाही तर तोच गटाचा पहिला लेखी प्रश्न.

## टप्पा ५: बैठकीचा दिवस

शेतीच्या वेळापत्रकाशी भांडू नका. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पुढे जानेवारीपर्यंत वेचणी आणि तूर. गोंदिया-गडचिरोलीकडे मे महिन्यात तेंदूपत्ता. ऑगस्टचा शेवट पोळा सोडून, फेब्रुवारी आणि मार्च या बऱ्या वेळा. मे महिन्यात दुपारची बैठक ठेवणं म्हणजे गोळ्या घेणाऱ्या अशक्त माणसाला उन्हात उभं करणं.

वेळ ११:३० ते २:३०. सकाळची मुक्कामी गाडी पकडून येता येतं आणि परतीची एसटी चुकत नाही. जेवण आधी द्या, नंतर नाही. लांबून आलेला माणूस उपाशीपोटी सह्या करून मोकळा होतो. पैसे त्याच दिवशी रोख किंवा त्याच आठवड्यात खात्यात.

विषय तीनच घ्या. सूत्रसंचालन सदस्याने करावं, मुख्य संशोधकाने नाही. संशोधक पहिली पंधरा मिनिटं मांडणी करेल, मग खोलीबाहेर जाईल आणि शेवटच्या तासाला परत येईल. मधल्या वेळात गट आपापसात बोलेल. ही सवय पहिल्याच बैठकीला लावा. नंतर लावायला गेलात तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं.

## टप्पा ६: संमतिपत्राची तपासणी

गटाचं सगळ्यात मोलाचं काम हेच. दोन बैठका याच्यासाठी राखून ठेवा.

मसुदा मोठ्याने वाचायचा, एका वेळी एक परिच्छेद. वाचणारा थांबला की ऐकणाऱ्याने कागद न बघता आपल्या बोलीत सांगायचं. जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण. कोणाच्या अकलेची परीक्षा नाही, कागदाची आहे, हे आधी बजावा. मसुद्यात असं वाक्य हमखास सापडतं:

‘सहभागींचे यादृच्छिकपणे दोन शाखांमध्ये वर्गीकरण करण्यात येईल व प्रत्येक भेटीत १० मिली शिरागत रक्तनमुना संकलित करण्यात येईल.’

गटाने ते असं करून द्यावं:

‘तुम्ही कोणत्या गटात जाल हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. ते डॉक्टरांच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. दर वेळी हाताच्या शिरेतून १० मिली रक्त घेऊ, म्हणजे चहाचे दोन चमचे. वर्षात अशा सहा भेटी आहेत, म्हणजे वर्षभरात मिळून बारा चमचे.’

वर्षाची बेरीज लिहिणं महत्त्वाचं. ‘रक्त काढून विकतात’ ही अफवा एका भेटीच्या आकड्याने थांबत नाही. उरलेलं रक्त साठवणार का, किती वर्षं, कुठे पाठवणार आणि त्याला वेगळा ‘नाही’ म्हणता येईल का, हेही त्याच पानावर यायला हवं.

मजकुराखेरीज चार व्यावहारिक गोष्टी गटाने न चुकता तपासाव्यात.

पहिली, संमतिपत्राची प्रत. ती सहभागीला मिळालीच पाहिजे. पण ज्याने घरी सांगितलेलं नाही तो ती कुठे ठेवणार? ‘तुमची प्रत केंद्रात सांभाळून ठेवू, हवी तेव्हा मागा’ असा पर्याय लिहून घ्या. प्रत न देणं आणि ती मागणीवरून सांभाळणं यात फरक आहे. तो कागदावर दिसू द्या. पुढच्या भेटीचं कार्ड वेगळं करा, त्यावर आजाराचं नाव नको.

दुसरी, वारसाचं नाव. नव्या औषधाच्या चाचणीत मृत्यू झाल्यास भरपाई कुणाला द्यायची, यासाठी संमतिपत्रात वारसाचं नाव, पत्ता आणि नातं लिहावं लागतं. त्या वारसाला स्थिती ठाऊक नसेल तर त्याच्याशी संपर्क कधी आणि कोणत्या शब्दांत होईल, हे आधी ठरवा. वारस लिहिणं म्हणजे त्याला लगेच कळवणं, अशी समजूत करून घेऊन बरेच जण सही न करता उठतात.

तिसरी, अंगठा. सहभागी वाचू शकत नसेल तर निःपक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो. साक्षीदार पथकातला नको आणि सहभागीच्या गावचाही नको. अशा माणसांची यादी आधीच तयार ठेवा, नाहीतर ऐन वेळी रुग्णालयातला कुणीही धरून आणला जातो.

चौथी, रेकॉर्डिंग. काही चाचण्यांत संमतीचं दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या चाचण्यांत मात्र फक्त आवाज नोंदवण्याची मुभा नियमांत ठेवलेली आहे. पथकाने कॅमेरा लावण्याचं ठरवलं असेल तर गटाने हा नियम दाखवावा.

तपासा: दुरुस्त मसुदा गटाबाहेरच्या पाच जणांना वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा. यात काय करणार? नको वाटलं तर काय करायचं? बाहेर पडल्यावर गोळ्या मिळतील का? त्रास झाला तर कुणाला फोन? पाचपैकी एकालाही तिसरं उत्तर चुकलं तर तो परिच्छेद परत लिहा. गोळ्या बंद होतील या भीतीने दिलेली संमती ही संमती नव्हे.

## टप्पा ७: सल्ल्याची वही

वहीत पाच रकाने: तारीख, सल्ला, पथकाचं उत्तर, कारण, कधी अंमलात आलं. उत्तर तीन प्रकारचंच असावं: मान्य, अंशतः मान्य, अमान्य. अमान्य म्हणायला हरकत नाही, पण कारण लागतं. उत्तराला २१ दिवसांची मुदत द्या, आणि पुढची बैठक सुरू होताना आधी मागची पानं वाचा. एथिक्स कमिटीकडे कागद जाताना वहीची प्रत सोबत जोडा. वहीत सल्ला देणाऱ्याचं नाव नाही, ‘गटाचं म्हणणं’ एवढंच.

मतभेद झाला तर तोही नोंदवा. बायकांचं एक आणि पुरुषांचं एक असं मत पडणं अगदी नेहमीचं आहे, विशेषतः घरी भेट द्यायची की नाही यावर. दोन्ही लिहा. एकमताचा आग्रह धरलात तर बायकांचं मत गळतं.

## टप्पा ८: अभ्यास चालू असताना

दर तीन महिन्यांनी बैठक. पथकाने एक पानाचा आढावा द्यावा: किती जण आले, किती गळाले, गळण्याची कारणं, किती तक्रारी. नावं आणि गावं नकोत. एखाद्या छोट्या गावातून एकच जण असेल तर गावाचा उल्लेखही ओळख ठरतो.

गंभीर दुष्परिणाम, म्हणजे मृत्यू किंवा दवाखान्यात भरती व्हावं लागेल असं काही घडलं, तर संशोधकाने २४ तासांत नियामक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवायचं असतं. गटाने तपशील मागायचे नाहीत. विचारायचं एवढंच: वेळेत कळवलं का, उपचाराचा खर्च कोण करतं आहे, कुटुंबाशी मराठीत किंवा त्यांच्या बोलीत कोण बोललं.

अफवांसाठी वेगळी नोंद ठेवा. कोणत्या भागात, काय शब्दांत, कधीपासून. उत्तर एकच आणि छोटं असावं, सगळ्या सदस्यांनी तेच सांगावं. सदस्याने अफवेला उत्तर देताना स्वतः गटात असल्याचं उघड करण्याची काही गरज नाही.

आणखी एक गोष्ट. कॅबकडे उपचाराच्या तक्रारी येतातच: गोळ्या पंधराच दिवसांच्या मिळाल्या, समुपदेशकाने दारात नाव पुकारलं, बाळंतपणाला नकार मिळाला. ‘हे आमच्या विषयात नाही’ म्हणून परतवू नका. कुठे जायचं ते सांगा: आधी केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण विभाग. २० किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे, त्याचं नाव विचारायला शिकवा. तिथे दाद नाही मिळाली तर लोकपाल. तक्रार लेखी, तारीख घालून, पोच घेऊन. पोच न घेतलेला अर्ज दिला, असं कुणी मानत नाही.

## टप्पा ९: निकाल आणि निरोप

निकाल आधी गटाला, मग सहभागींना, त्यानंतर पत्रकारांना आणि परिषदांना. हा क्रम कार्यपत्रातच लिहिलेला असावा. वर्तमानपत्रात ‘अमुक तालुक्यात इतके बाधित’ अशी बातमी आली की त्या तालुक्यातल्या मुलींची लग्नं मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून तालुका आणि गावाची नावं छापू द्यायची की नाही, यावर गटाचं लेखी मत घ्या.

निकालाचं एक पान, मोठ्या अक्षरात: काय शोधत होतो, काय सापडलं, काय सापडलं नाही, तुमच्या उपचारात आता काय बदलेल. बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘लगेच काही नाही’ असं असतं. तेच लिहा. अभ्यासातलं औषध उपयोगी ठरलं तर ते सहभागींना पुढे मिळणार का आणि किती काळ, हा प्रश्न टप्पा ६ मध्येच विचारून उत्तर वहीत घेतलेलं असलं पाहिजे. शेवटी विचारून उपयोग नसतो.

गट बरखास्त करताना नाव-क्रमांकाची वही कोण नष्ट करणार किंवा किती वर्षं सांभाळणार, ते ठरवून दोन सदस्यांसमोर पार पाडा. फोनमधले क्रमांकही काढून टाका. समन्वयकाचा जुना मोबाइल विकला जातो, आणि त्यात ‘कॅब सुनंदा’ असं नाव तसंच राहिलेलं असतं.